दोन झाडांचं अंतर

४ मार्च, वखार

प्रिय माकडा,

तिशी उलटलेल्या माणसाला असं म्हणू नये हे मला कळतं, पण तू जंगलातून उतरायचं नाव घेत नाहीस तोवर माझ्या तोंडून दुसरं काही निघायचं नाही.

तुमचा माल काल ट्रकवाल्या काकांनी आणून टाकला. आधी भाव सांगते, कारण पत्र उघडून तू पहिल्यांदा तेच शोधणार. वादळाने जिकडेतिकडे जंगल आडवं केलंय, त्यामुळे वखारीत लाकडाचे डोंगर लागलेत आणि साध्या लाकडाला कुणी हुंगायला तयार नाही. व्यापारी येतात, ओंडक्यावर पाय ठेवतात, नाक मुरडतात आणि निम्मा भाव सांगून वर आपल्यावरच उपकार केल्यासारखं बघतात. भाव टिकलाय तो फक्त शिक्क्याच्या लाकडाचा. 'ही टोळी नियमाने काम करते, कुणाचा जीव धोक्यात घालून हे लाकूड आलेलं नाही' एवढी हमी त्या शिक्क्यात असते, आणि लांबची गिऱ्हाइकं तेवढ्यासाठी दीडपट मोजतात. तेव्हा शिक्का सांभाळा. तपासनीस साहेब महिनाअखेरीला तुमच्याकडे येणार आहेत. ते माझ्या समोरच्या खोलीत बसतात आणि माझ्याच थर्मासमधला चहा पितात, पण म्हणून तुम्हाला सोडतील या भ्रमात राहू नका.

आता मला खुपतंय ते. बुंध्याच्या कापावर पाडणाऱ्याची खूण, तुझी फुली आणि मामाचा गोल, हे बघत मी या खिडकीत म्हातारी होत चालले आहे. नेहमी गोल जास्त असायचे. या खेपेला फुल्याच फुल्या, गोल शोधावे लागले. मामाला बरं नाही का? माझ्या दोन पत्रांना त्याचं उत्तर नाही. तो लांबलचक कधीच लिहीत नव्हता, पण 'बरा आहे, मामा' एवढं तरी यायचं. फोन करावा तर वखारीतला फोन साहेबांच्या टेबलावर, आणि तुमच्याकडे तर तोही नाही. म्हणून इथे विचारते. खरं काय ते लिही, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. आई गेल्यापासून आपल्याला आई आणि बाप दोन्ही तोच आहे.

तुझी,
ताई


११ मार्च, जंगल

ताई,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. खरा घातला तर दोघांना मला उचलायला यावं लागेल, अशी पाठ झाली आहे.

मामा ठणठणीत आहे. जेवतो माझ्या दुप्पट, आणि घोरतो तेव्हा आमच्या खोलीचा पत्रा थरथरतो. साठीला आला माणूस, गोल थोडे कमी झाले तर झाले. फुल्या वाढल्यात त्याचं कौतुक करशील की नाही? लहानपणापासून बघतो, माझं कौतुक करताना तुझी शाई संपते.

उत्तर का देत नाही ते त्याचं त्याला माहीत. हल्ली बोलतोच कमी. संध्याकाळी आम्ही सगळे शेगडीभोवती मोजे वाळत घालून एकमेकांची टर उडवत बसतो, आणि हा कोपऱ्यात पाठ करून करवतीच्या साखळीला कानस मारतो. काही विचारलं तर नुसती मान हलवतो. माझ्यावरच कशावरून तरी चिडला असेल. होईल शांत.

काम मात्र अंगावर आलंय. वादळात पडलेले पाइन उचलायचे आणि मोडके उभे आहेत ते पाडायचे, आणि हे सगळं ऊन तापायच्या आत. नाहीतर लाकूड आतून निळं पडेल आणि निळ्या लाकडाला तू काय भाव लावशील ते मला माहीत आहे, सख्खी बहीण असून. त्यामुळे पत्र आखूड. साहेबांच्या चहात साखर जास्त घाल.

तुझा,
माकड


१५ मार्च, वखार

माकडा,

तुम्ही भांडला आहात. मला पत्र लिहून सांगायला नको, ते तुझ्या 'होईल शांत' मध्येच दिसतंय. तू त्याला काहीतरी लागट बोलला असणार. 'म्हाताऱ्या, तुझ्याने आता होत नाही' असलं काहीतरी. तुझ्या जिभेला हाड नाही, आणि त्याला एकदा लागलं की तो महिना महिना मनात धरतो. लहानपणी मी त्याची कानस हरवली होती, तेव्हा आठवडाभर तो माझ्याशी मानेनेच बोलत होता.

जाऊन त्याची माफी माग. चूक कुणाचीही असो. आणि त्याला सांग, ताई म्हणते हा हंगाम झाला की माझ्याकडे चल. मागची खोली रिकामी आहे, खिडकीत ऊन येतं. पण हे सांगताना नीट सांग, त्याला हाकलून देतोय असं वाटता कामा नये.

तुम्ही दोघं एकमेकांशी न बोलता त्या उतारावर करवती घेऊन फिरताय, या विचाराने माझं कामात लक्ष लागत नाही. काल एका व्यापाऱ्याला तुमच्या मालाचा भाव सांगायच्या ऐवजी मी 'मागची खोली रिकामी आहे' असं म्हणाले. तो बिचारा लाजला.

ताई


२८ मार्च, जंगल

ताई गं ताई,

पास झालो! शिक्का पक्का! साहेब परवा आले, सगळं जंगल तुडवलं, हेल्मेट उलटीपालटी करून पाहिली, औषधाच्या पेटीतल्या पट्ट्यासुद्धा पाहिल्या, आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेले. आता पोट भरून हस आणि मग पुढचं वाच. वाचून झालं की हे पत्र शेगडीत घाल.

आम्ही भांडलो नव्हतो. मामाला ऐकू येत नाही.

थोडं कमी वगैरे नाही. जवळजवळ काहीच नाही. एवढी वर्षं करवत कानाशी, आणि त्याच्या काळात कानाला कुणी काही लावत नसे. गेल्या हिवाळ्यापासून उतरणीला लागलं होतं, वादळानंतर पार गेलं. तुझी पत्रं तो वाचतो, पण तू दर वेळी 'गावात उतरलास की फोन कर' असं लिहितेस, त्याचं काय उत्तर देणार?

आता आमची अडचण समजून घे. नियम दोन आहेत. कुणीही एकट्याने झाड पाडायचं नाही, जोडीदार हाकेच्या अंतरात हवा. आणि झाड पडताना जोडीदार दोन झाडांच्या उंचीच्या आत नको. म्हणजे जवळ हवा आणि लांबही हवा, नातेवाइकांसारखा. मधे चढउतार, झाडी, एकमेकांना आम्ही दिसत नाही. म्हणून हाक. झाड आडवं झालं की पाडणाऱ्याने 'पडलंऽ' असं ओरडायचं आणि जोडीदाराने ओ द्यायची. ओ आली की पुढच्या झाडाला हात घालायचा. हाक आलीच नाही, तर जोडीदाराने हातातलं टाकून धावत यायचं. मामानेच मला हे शिकवलं, आणि आता त्यालाच हाक ऐकू येत नाही. टोळीत परवाना असलेले पाडणारे आम्ही दोघंच. एक गेला की टोळीचा शिक्का गेला.

तर आम्ही काय केलं सांगू? हाक ऐकू येत नसली तरी झाड पडल्याचा हादरा पायाला कळतो. हादरा बसला की मनात एक-दोन-तीन म्हणायचं आणि ओ द्यायची! दोन आठवडे सराव केला. साहेब खालच्या वाटेवर कानात प्राण आणून उभे, मी वरून हाक दिली, मामाची ओ अशी आली की ऐकणाऱ्याने वाहवा म्हणावं. बोलायची वेळ आली तेव्हा मामाला सांगून ठेवलं होतं, हसायचं आणि 'हो हो' म्हणायचं. साहेबांनी विचारलं, "वय काय तुमचं?" मामा म्हणाला, "हो हो." मी म्हटलं, "साहेब, थट्टेखोर आहे." साहेबही हसले.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तू काही बोलायचं नाहीस.

तुझा,
पास झालेला माकड


२ एप्रिल, वखार

अरे वेड्या,

मी हसले. खरंच हसले, 'हो हो' वाचून डोळ्यांत पाणी आलं. मग थर्मास भरायला उठले आणि तो अर्धा ठेवूनच हे लिहायला बसले.

साहेब आले त्या दिवसापुरतं ठीक होतं. पण ते गेल्यावरही तुमचं तसंच चाललंय ना? मामा हाक ऐकतच नाही, हादऱ्याला ओ देतो. मग झाड तुझ्यावर पडलं तर जमीन हादरणार नाही का रे? तू खोडाखाली दबलेला, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि खालून मामाची खणखणीत ओ. आणि ओ देऊन तो आपल्या कामाला लागणार. कारण त्याच्या हिशेबाने सगळं बरोबर आहे.

हे तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही? हाक साहेबांसाठी नसते, हे मी भाव लावणारी बाई तुला सांगू?

उद्यापासून बंद करा. साहेब माझ्या समोर बसलेत, मधे एक दार आहे आणि तेही उघडं असतं. आज दोनदा उठून त्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "चहा?" दुसऱ्यांदाही तेच विचारलं. दोन्ही वेळा चहा देऊन परत आले. मी बोलले तर मामाचा परवाना जाईल, तुमचा शिक्का जाईल, तोडून ठेवलेला सगळा माल साध्या भावात जाईल. नाही बोलले तर रोज ट्रक येईपर्यंत माझा जीव टांगणीला. दगडाखाली हात सापडलाय माझा, आणि तो तूच ठेवलास.

लगेच लिही.

ताई


९ एप्रिल, जंगल

ताई,

तुझं पत्र वाचून मी आधी हात-पाय मोजले. चारही आहेत.

तू म्हणतेस ते डोक्यात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, मग कामाला लागलो. तुला वाटतं इथे रोज झाडं माणसांवर पडतात. अगं, मी झाड पडायच्या बाजूला खाच नीट घेतो, उलट्या बाजूची पळवाट आधी साफ करतो, वर बघतो, मागे बघतो. मामाचा शिष्य आहे मी. मला काही व्हायचं नाही.

आणि समज, तू साहेबांना सांगितलंस. मग ते मामाला खुर्चीत बसवतील, कानाला यंत्र लावतील आणि सगळ्या टोळीसमोर सांगतील की हा माणूस कामाचा नाही. त्याचा चेहरा तेव्हा कसा होईल ते तू बघणार नाहीस, मी बघणार. ज्याने आपल्या दोघांना झाडं पाडून वाढवलं त्याला मी असा खाली उतरवू? त्यापेक्षा मे महिन्यात हंगाम संपला की तो आपणहून म्हणेल, 'पुरे आता', करवत पुसून ठेवेल, आणि तुझ्या खोलीतलं ऊन खात बसेल. वरचा उतार तेवढा राहिलाय. एवढं होऊ दे.

तुला माझी शपथ आहे. साहेबांना चहाच दे, दुसरं काही देऊ नकोस.

माकड


१२ एप्रिल, वखार

प्रिय मामा,

हे पत्र काकांना तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. माकडाला दाखवू नकोस.

मला सगळं कळलंय. मला आधी का नाही सांगितलंस म्हणून रागवणार होते, पण आता रागाला वेळ नाही. त्याने मला शपथ घातली आहे, आणि तुला उघडं पाडायला माझीही जीभ उचलत नाही. साहेबांशी मी बोलणार नाही. पण त्या बदल्यात तू माझं एक ऐक.

हादरा बसला की ओ नेहमीसारखीच दे. ओ चुकली तर तो विचारेल, संशय घेईल, आणि मग चिडून काहीतरी वेडंवाकडं करेल. पण ओ दिल्यावर तिथेच थांबू नकोस. वर जा आणि तो दिसेल इथपर्यंत जाऊन डोळ्यांनी बघ. उभा आहे ना, एवढंच. मग परत ये. दर झाडाला. मला माहीत आहे चढ आहे, तुझे गुडघे दुखतात, तुझे गोल आणखी कमी होतील. होऊ देत. झाड पडून गेल्यावरच जायचंय तुला, मग त्यात धोका तो कसला?

जमिनीवर विश्वास ठेवू नकोस, मामा. एवढं माझ्यासाठी कर, म्हणजे मला इथे बसून श्वास घेता येईल.

तुझी पोर


१७ एप्रिल

पोरी,

बरं. जाईन. काळजी करू नको. तुझं पत्र चुलीत घातलं.

मामा


२७ एप्रिल, जंगल

ताई,

तुझं पत्र नाही, म्हणजे तू रुसलीस किंवा शहाणी झालीस. दोन्ही चालेल.

इकडे काम झपाट्याने चाललंय. ऊन वाढतंय, सालीखालून चीक यायला लागलाय, त्यामुळे मी आता एका झाडावरून दुसऱ्यावर थांबतच नाही. ओ आली की लगेच पुढची खाच. दिवस संपेपर्यंत खांदे माझे राहत नाहीत.

मामाचं मात्र काही कळत नाही. दिवसभर दमलेला दिसतो, आणि काम बघावं तर निम्मंही नाही. परवा माझ्या उताराच्या कडेला त्याच्या बुटांचे ठसे दिसले. म्हटलं, म्हातारा माझी खाच तपासायला येतो की काय लपून छपून! खुणेने विचारलं तर म्हणाला, वाट चुकलो. चाळीस वर्षं जंगलात काढलेला माणूस वाट चुकतो, ऐकलंयस कधी? पण खरं सांगू का, हल्ली तो माझ्याकडे बघून हसतो. संध्याकाळी मी खोलीत शिरलो की उगाच खांद्यावर हात ठेवतो. तुझी मागची खोली त्याला आवडलेली दिसते.

अजून दोन आठवडे. मग आम्ही दोघं उतरतो.

माकड


३ मे, वखार

प्रिय माकडा,

रुसले नव्हते, शहाणीही झाले नाही, पण झोप लागते आता. कशामुळे ते विचारू नकोस. बायकांची गुपितं असतात.

कालच्या खेपेला तुमच्या मालाला वरचा भाव लागला. मीच लावला, पण कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. कुठे निळं नाही, कुठे फाटलेलं नाही. गोल अगदीच मोजके होते. व्यापारी म्हणाला, "तो गोलवाला थकला वाटतं." मी म्हटलं, "थकू दे." आणि एवढी खूश झाले की त्याला चहा दिला. साहेबांनी भुवया वर केल्या, कारण त्यांचा कप रिकामा राहिला.

मामा खांद्यावर हात ठेवतो तर ठेवू दे. झटकू नकोस. मागच्या खोलीला मी रंग काढतेय.

ताई


१३ मे, दवाखाना

ताई,

फोनवर मी तुला एवढंच सांगितलं की मामाला लागलंय आणि तो जिवंत आहे. तिकडून साहेबांचा श्वास ऐकू येत होता, म्हणून पुढचं बोललो नाही. तू शनिवारी येशील, पण त्याआधी तुला कळायला हवं, नाहीतर लोक भलतंच सांगतील.

झाड माझं होतं. मीच पाडलं.

आधीचं पडलं, मी हाक दिली, ओ आली. ओ आली म्हणजे तो खाली आहे, एवढं धरून मी पुढच्याला हात घातला. खाच घेतली, मागचा काप घेतला, 'पडतंयऽ' म्हणून नेहमीसारखा ओरडलो. समोर बघितलं होतं, ताई. देवाशपथ बघितलं होतं. पण खालच्या अंगाला लहान झाडांची दाटी आहे, त्यातून कुणी वर येत असेल तर दिसत नाही. झाड पडलं. मी पुन्हा हाक दिली. ओ आली नाही. तीनदा ओरडलो. मग धावत सुटलो खाली, त्याच्या जागेकडे, आणि वाटेत शेंड्याखालून त्याचा हात दिसला.

शेंडाच लागला, खोड असतं तर संपलंच होतं. कमरेचं हाड आणि मांडी. डॉक्टर म्हणतात चालेल, पण पूर्वीसारखं नाही आणि जंगल तर नाहीच. शुद्धीवर आहे. पाणी पितो, माझ्याकडे बघतो.

मला कळत नाही तो तिथे कशाला आला होता. ज्याने मला कान धरून दोन झाडांचं अंतर शिकवलं, तो स्वतः त्याच्या आत? साहेब चौकशीला येऊन गेले. सगळे म्हणतात म्हाताऱ्याची अक्कल गेली, नियम त्यानेच मोडला. कागदावरही तेच चढणार. भरपाईचं तर विसरायचंच. मी त्याला खडूने पाटीवर लिहून विचारलं, कशाला आलास? तो लिहितो, कुऱ्हाड विसरली होती. ताई, कुऱ्हाड त्याच्या कमरेलाच होती. मीच काढून ठेवली.

दोन दिवस मी त्याच्यावर ओरडतोय. त्याला ऐकू येत नाही म्हणून आणखी मोठ्याने ओरडतो, मग नर्स येऊन मला बाहेर काढते. तू विचार त्याला. तुला सांगेल. मी त्याला पाडलं, ताई, आणि मला त्याचं कारणही माहीत नाही.

तुझा भाऊ


१५ मे

पोरी,

झोपून लिहितो, अक्षर समजून घे. काका उभे आहेत म्हणून लवकर लिहितो.

पोरगा विचारत बसतो. मी कुऱ्हाड म्हणून सांगितलं. तू पण तेच सांग. तुझ्या पत्राचं मी कुणाला बोललो नाही, बोलणार नाही. चूक माझी आहे. ओ दिल्यावर तो थांबणार नाही हे मला कळायला पाहिजे होतं, तुला कुठून कळणार. जंगल माझं आहे, तुझं नाही.

मनाला लावून घेऊ नको. तू सांगितल्यापासून मी पण बरा झोपायचो. त्याआधी दर ओ दिली की मी वर तोंड करून बघत उभा राहायचो, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी वर पोचलो तेव्हा तो मला दिसला. करवतीवर वाकलेला होता. करवत काढली त्याने आणि मागे तिरका सरकला, मी शिकवलं तसाच, पाऊल न चुकता. त्यावरून मला कळलं झाड कुठे येतंय. पण तो उभा होता. धडधाकट. मी तेवढंच बघायला गेलो होतो.

साहेब भला माणूस आहे, त्याच्याशी भांडू नको.

मामा


१६ मे, वखार

माझ्या माकडा,

शनिवारी तुझ्या तोंडासमोर मला हे सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र आजच काकांबरोबर पाठवते. आधी बसून घे.

कुऱ्हाडीचं खोटं आहे. मामाची अक्कल गेलेली नाही आणि तो वाटही चुकला नव्हता. त्याला वर मी पाठवलं. एप्रिलमध्ये तुझ्या चोरून त्याला लिहिलं की ओ दे, आणि मग वर जाऊन हा उभा आहे का ते डोळ्यांनी बघ, दर झाडाला. तुला काही होऊ नये म्हणून. दोन झाडांचं अंतर तूच मला लिहून कळवलं होतंस, मी ते वाचलंही होतं. पण माझ्या डोक्यात एकच झाड होतं, तुझ्यावर पडणारं. पुढच्या झाडाचा विचारच केला नाही. त्याने तुझी खाच-बिच काही तपासली नाही. तो रोज दुखऱ्या गुडघ्यांनी चढून तुझी पाठ बघून परत जायचा. म्हणून गोल कमी होते, आणि मी इथे ते बघून खूश होत होते, व्यापाऱ्यांना चहा पाजत होते.

तू त्याला पाडलं नाहीस. तू सगळं बरोबर केलंस. तो स्वतः म्हणतो, पाऊल चुकलं नाही.

तुझी शपथ मी आज सकाळी मोडली. साहेबांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, कानांचं, सरावाचं, माझ्या पत्राचं. त्यांनी हातातला कप बाजूला सारला. मग म्हणाले, "हे महिन्यापूर्वी सांगितलं असतंत तर?" शिक्का गेला. वखारीतला तुमचा माल आजपासून साध्या भावात आहे, दर माझ्याच हाताने बदलला. टोळीतले लोक मला शिव्या देतील, त्यांचा हक्क आहे. पण कागदावर मामाच्या नावापुढे 'नियम मोडला' असं एकट्याचं लिहिलं जाणार नाही. तिथे माझंही नाव असेल. माझी इथली खिडकी राहील की नाही ते सोमवारी कळेल.

मामावर ओरडू नकोस आता. त्याच्या उशाशी बस, म्हणजे त्याला बघायला उठावं लागणार नाही. मी शनिवारी पहिल्या गाडीने येते. तुला ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड, हवं तेवढं ओरड. मला ऐकू येतं.

तुझी ताई